बकरीच्या पोटावरचा लोणा

गेल्या हिवाळ्यात सात रविवार मी दुकान दुपारपर्यंत बंद ठेवलं. सत्तावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. रंगाच्या दुकानाला रविवार म्हणजे खरा धंद्याचा वार. नोकरदार माणसं त्याच दिवशी बायकोला घेऊन येतात, शेडकार्डावर दीड तास घालवतात आणि शेवटी ऑफ व्हाइटच नेतात.

कारण होती धाकटी लेक. ती शासकीय कला महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला होती. वर्षाचं काम म्हणून तिनं आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, जुन्या शहरातला एक पट्टा निवडला होता. तिथल्या रस्त्यावरची चित्रं बघायची, शहरात जिथं जिथं प्रदर्शन लागेल तेही बघायचं, टिपणं काढायची आणि शेवटी स्वतः एक भिंत रंगवायची. पट्टा ठरला पैठणगेट ते सिटी चौक, मधे गुलमंडी. सोबतीला मी. या गल्ल्यांत कोणी घराच्या भिंतीचा फोटो काढायला लागलं की आतून माणूस बाहेर येतो आणि विचारतो, "कायचं माप घेऊ राहिले? रुंदीकरण आलं का?" रुंदीकरणात अर्धं घर गेलेली माणसं आहेत इथं, त्यांचं चुकत नाही. मी बरोबर असलो की "रंगवाले काका आहेत" म्हणून दार परत लागतं.

चित्रकलेशी माझा संबंध शाळेतल्या इंटरमिजिएट परीक्षेपुरता. 'ब' श्रेणी. स्थिरचित्रातला तांब्या वाकडा आला होता, ते अजून डोळ्यांसमोर आहे. पुढं रंग भेटला तो डब्यातला. किती लिटर, किती हात, खाली प्राइमर कुठला.

पहिल्या रविवारी सकाळी साडेसातला पैठणगेटापासून चालायला लागलो. तासाभरानं लेक थांबली आणि म्हणाली, "पप्पा, तुम्ही चित्र बघतच नाही. भिंत बघताय."

खरं होतं. ती एका बंद शटरवरच्या वाघाचा फोटो काढत होती आणि मी शेजारच्या भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करत होतो. बद्द आवाज आला की समजायचं, गिलावा आतून सुटलाय. या भागातल्या भिंती आतून वीट, चुना आणि माती. वरून गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कोणीतरी सिमेंट चोपडलेलं, त्यावर प्लास्टिक पेंट. ओल जमिनीतून वर चढते. पूर्वी चुन्याच्या भिंतीतून ती हळूहळू उडून जायची. आता तिला वाट नाही. मग ती भिंतीतले क्षार घेऊन बाहेर यायला बघते आणि रंगाला ढकलते. आधी फुगा, मग पोपडा, मग पांढरी भुकटी. तो लोणा. माझं निम्मं दुकान लोण्यावर चालतं म्हटलं तरी चालेल. खायच्या नव्हे, भिंतीच्या.

तर त्या दिवसापासून वाटणी झाली. ती चित्र बघणार, मी भिंत बघणार आणि संध्याकाळी दोघांची टिपणं एका वहीत जाणार.

रस्त्यावरचं चित्र म्हणजे परदेशातल्यासारखी पाच मजली भिंत, असं तिच्या डोक्यात होतं. दिल्लीच्या लोधी कॉलनीतल्या भिंती ती मला मोबाइलवर दाखवायची. आमच्या पट्ट्यात तसलं काही नव्हतं. पण बघायला लागलो तर चित्रं संपेनात. जिन्याच्या कोपऱ्यात कोणी थुंकू नये म्हणून बसवलेल्या देवांच्या टाइल्स होत्या, आणि सर्वधर्मसमभाव पाळून एकाखाली एक लावलेल्या होत्या. चक्कीच्या दारावर गव्हाची ओंबी, दवाखान्यावर दात, केशकर्तनालयावर एका नटाचा चेहरा, जो नेमका कुठला नट ते मालकालाही सांगता आलं नाही. आणि लग्नघरं. दारालगतच्या भिंतीवर गणपती, दोन्ही बाजूंना भालदार-चोपदार, हत्ती, मधे 'शुभविवाह' आणि खाली चि. व चि. सौ. कां. यांची नावं. एका भिंतीवर एकाच घरातली तीन लग्नं एकाखाली एक होती. सर्वात जुन्याचा हत्ती पुसट होऊन कुत्र्याएवढा उरला होता. लेक म्हणाली, हे मी दहा हजार वेळा बघितलंय आणि एकदाही बघितलेलं नाही.

ही लग्नाची भिंत कोण करतं याचा माग काढत आम्ही एका पेंटरकडे पोचलो. सिटी चौकाच्या अलीकडे, जिन्याखालची खोली. मी त्यांना ओळखत होतो, माझ्याकडून ऑइलपेंटचे पावशेरी डबे नेणारं जुनं गिऱ्हाईक. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. फ्लेक्स आलं आणि पाट्यांचं काम बसलं. आता नंबरप्लेट, ट्रकच्या मागची अक्षरं आणि लग्नसराई. या शहरात दुकानाच्या पाटीला तीन लिप्या लागायच्या आणि उस्ताद तिन्ही लिहायचे. लेकीनं विचारलं, तिन्ही कसं जमतं? त्यांनी खडूनं जमिनीवरच दाखवलं. "देखो बेटा, मराठी को ऊपर की लकीर से टांगना. उर्दू को ढलान पे उतारना. अंग्रेजी को जमीन पे खडा करना. बस."

ती तिथंच बसली. दोन तास. मी चहा पिऊन आलो, दुकान उघडून आलो, परत गेलो, तरी बसलेली. दोरीला नीळ लावून भिंतीवर टिचकी कशी मारायची, अक्षराची सावली कायम उजवीकडे आणि खालीच का टाकायची, खारीच्या केसांचा ब्रश घासतेलात का धुवायचा. हे सगळं चार वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं म्हणाली. मी गप्प राहिलो. मला माहीत होतं, पण तिनं मला कधी विचारलंच नव्हतं.

उठताना उस्ताद म्हणाले, गाव का नाम बदला तो सोचा, अब पाटियों का काम आएगा. सब फ्लेक्स पे गया. मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी म्हणून वसवलेलं हे गाव. १६२६ मध्ये फतेहनगर झालं, १६५३ मध्ये औरंगाबाद, आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. त्या हिशेबानं पाट्या रंगवणाऱ्यांची चांदी व्हायला हवी होती.

दुसरा रविवार जालना रोडवर आणि आसपासच्या मोठ्या रस्त्यांवर गेला. त्यावर जास्त लिहीत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत जी-२० मधल्या महिलांच्या गटाची बैठक आमच्या शहरात झाली, तेव्हा भराभर भिंती रंगल्या. तो सगळा रंग घाईचा. आता कुठं त्यावर क्लासच्या जाहिराती चिकटल्यात, कुठं पिंक. लेकीनं चार फोटो काढले आणि म्हणाली, ही चित्रं गाडीतून जाणाऱ्यांसाठी आहेत. थांबून बघायला गेलं की मागून हॉर्न वाजतो. आम्ही पोहे खाऊन घरी आलो.

तिसऱ्या रविवारी पट्टा सोडून नागसेनवनाकडे गेलो. इथं बाबासाहेबांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू केलं आणि पुढं मराठवाड्यातल्या खेड्याखेड्यांतली पोरं इथं शिकायला आली. या बाजूच्या वस्त्यांमधल्या भिंतींवर बाबासाहेब असतात, बुद्ध असतात आणि बऱ्याचदा विद्यापीठाचं गेट असतं. मराठवाड्याबाहेरच्या माणसाला त्या गेटचं नवल वाटेल. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा नामांतराचा ठराव १९७८ चा, नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या सोळा वर्षांत माणसं मेली, घरं जळली. दर वर्षी त्या तारखेला लोक त्या गेटसमोर येऊन डोकं टेकवतात. त्यामुळं भिंतीवर गेट काढायचं तर त्याच्या कमानी चुकवून चालत नाही, प्रत्येकाला पाठ असतात.

मला धंद्यातून एवढं माहीत होतं की एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात निळा स्टेनर दुकानात उरत नाही. पण तो जातो कुठं ते त्या दिवशी बघितलं. जानेवारी जवळ आलेला, म्हणून पोरं एक भिंत तयार करत होती. सात-आठ जण, कोणी रिक्षावाला, कोणी कॉलेजचा. आणि तयारी अशी की मी बघतच राहिलो. आधी पत्र्यानं खरवड, मग तारेचा ब्रश, मग धुणं, मग दोन दिवस वाळवण, मग प्राइमर. बंगलेवाल्यांना मी हात जोडून सांगतो तरी ते एवढं करत नाहीत. एक पोरगा म्हणाला, "काका, वर बाबासाहेब येणार आहेत. खाली खराब कसं ठेवायचं?"

खरवडताना पडलेला एक पोपडा लेकीनं उचलला. जाड, रुपयाच्या नाण्याहून जाड. कडेनं बघितलं तर आत थर दिसत होते. निळा, पांढरा, निळा, पुन्हा पांढरा, जरा वेगळा निळा. आम्ही नऊ मोजले. म्हणजे नऊ वेळा तरी कोणीतरी ही भिंत खरवडून वर्गणीतून रंगवली होती. तो पोपडा तिनं रुमालात बांधून घेतला. पुढं तिच्या वहीत तो पान अडवून बसला, वही मिटेना.

आता दालनांविषयी.

मी या वयापर्यंत आर्ट गॅलरीत पाय ठेवला नव्हता. आमच्याकडची मोठी नावं मुंबई-पुण्याला जातात. जहांगीरला दालन मिळायला कित्येक वर्षं थांबावं लागतं म्हणे, तरी रांगेत उभी राहतात. शहरात जे आहे ते कॉलेजांच्या दालनांत, एखाद्या संस्थेच्या हॉलमध्ये, नाहीतर हौशी माणसानं घराचा भाग मोकळा करून दिलेल्या जागेत. आम्ही चार-पाच ठिकाणं केली. दोन ठिकाणी आम्ही सोडून कोणीच नव्हतं. एका ठिकाणी उद्घाटन होतं, तिथं पुढारी येईपर्यंत सगळे चित्रांकडे पाठ करून उभे होते.

ज्याविषयी सांगायचंय ती जागा म्हणजे एका जुन्या बंगल्याचा तळमजला. दारात मी चप्पल काढली. आतून एक पोरगा पळत आला, "काका, चप्पल असू द्या." मी घातली, पण आत चालताना अवघडल्यासारखंच होत होतं. पांढऱ्या भिंती, वरून दिवे, आणि शांतता अशी की स्वतःचा श्वास ऐकू यावा. पहिल्या खोलीत रीतसर चित्रं होती. खाली छोट्या कागदावर नाव आणि दुसरीकडे किमतींची यादी. दोन बाय तीनच्या कॅनव्हासला पंचेचाळीस हजार. मनात हिशेब झालाच, चौरस फुटाला साडेसात हजार. आमच्या धंद्यात मजुरीसकट वीस-पंचवीस रुपयाला माणूस घासाघीस करतो. एका चित्राखाली लाल टिकली चिकटवलेली. मला वाटलं चित्रात काही चूक निघाली. लेक कानात म्हणाली, "विकलं गेलंय, पप्पा."

खरं सांगतो, त्या खोलीत मला काही वाटलं नाही. रंग चांगले होते. ब्रशवर हात सफाईदार होता. पण मी एका चित्रापुढं किती वेळ उभं राहायचं याच चिंतेत होतो. कमी उभं राहिलं तर अडाणी, जास्त राहिलं तर घेणार आहे असं वाटायचं.

मागची खोली एका लातूरच्या पोराची होती. खोली जवळजवळ रिकामी. भिंतीच्या चारी बाजूंनी, गुडघ्याच्या जरा वर, एक दोरा ताणलेला आणि त्यावर कागदाचे छोटे टँकर-डबे. पन्नास. जवळ जाऊन बघितलं तर ते डबे टँकरच्या पावत्यांच्या कागदाचे होते. खरे आकडे, खरे शिक्के. मला कोणी समजवायची गरज पडली नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, ती जलदूत. पहिल्या खेपेला दहा डबे, पाच लाख लिटर. नंतर पन्नास डब्यांची गाडी, पंचवीस लाख लिटर. त्याआधी पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. त्या वर्षी माझ्या दुकानात तिकडचा एक ठेकेदार येऊन म्हणाला होता, रंग आहे, पातळ करायला पाणी नाही.

मी डबे मोजत मोजत खोलीभर फिरलो आणि एका जागी थबकलो. दोऱ्याच्या चार बोटं खाली भिंतीवर एक पिवळसर नागमोडी रेघ होती. तिच्याखाली पांढऱ्या रंगावर बारीक दाणे, मीठ फुटल्यासारखे. रेघ त्या अख्ख्या भिंतीभर गाडीखालून चाललेली. मला ते फार आवडलं. वरून पाण्याची गाडी आणि खाली पाण्याची खूण. पोराला बोलावलं.

"काय बघायलाव काका? गाडी वर हाय."

"ही खालची रेघ कशानं काढली? चहाच्या पाण्यानं?"

तो वाकला. बघितलं. मग हसायला लागला. "न्हाई ओ काका. ती भिंतीनंच काढली. हे आमच्या लक्षातच आलं न्हाई."

ओल होती. साधी ओल. मग मी त्याला अर्धा तास समजावलं की जमिनीतली ओल भिंतीत किती चढते, कुठं थांबते, का थांबते, आणि ती थांबते तिथंच अशी रेघ का उमटते. पोरगा ऐकत होता, विचारत होता, आणि मला पहिल्यांदा वाटलं की या जागेत बोलायला माझ्याकडं काहीतरी आहे. पाण्याची गाडी आली तेव्हा तो सातवीत होता. आई रात्री दोनला घागरी घेऊन रांगेत उभी राहायची, आणि त्याला फक्त शिक्के आठवत होते, पावतीवर मारायचे. पुढच्या आठवड्यात लेकीला त्यानं फोटो पाठवला. दोरा चार बोटं खाली घेतला होता. गाडी आता नेमकी ओलीच्या रेघेवरून धावत होती.

बंगल्याच्या मालकांनी मात्र मला फोन करून विचारलं की ही ओल किती दिवसांत जाईल. मी म्हटलं, प्रदर्शन संपू द्या.

यानंतर अजिंठ्याला जायचं मीच काढलं. लेक म्हणाली, समकालीन कलेत अजिंठा कुठून आला? मी म्हटलं, तू तुझं समकालीन बघ, मला तो गिलावा बघायचाय. शंभरेक किलोमीटर. सकाळची एसटी, फर्दापूर फाट्यावरून आतली बस.

पहिल्या लेणीत सगळे पद्मपाणीपुढे उभे राहतात, मीही राहिलो. पण माझं लक्ष उखडलेल्या जागांकडे. जिथं चित्र गेलंय तिथं भिंत दिसते. कातळ टाचून खडबडीत केलेला. त्यावर मातीचा जाड थर, त्यात तूस, गवत, झाडांचे तंतू. त्यावर बारीक मातीचा हात. त्यावर चुन्याचा पातळ पांढरा लेप, आणि मग रंग. लाल-पिवळा गेरूचा, हिरवा मातीचा, काळा काजळीचा. निळा तेवढा बाहेरून आलेला, लाजवर्दी दगडाचा. मी इतका जवळ वाकलो की पहारेकरी म्हणाला, "हात लावायचा नाही." मी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि तसाच तासभर हिंडलो.

मला माझ्या आजीचं घर आठवलं. अंबडकडचं माळवदाचं घर. दिवाळीआधी पांढरीची माती कालवून, तीत भुसा मळून, आठ दिवस कुजवून भिंती लिंपायच्या, मग पोतारायच्या. आजीला कोणी क्षार-बिर सांगितलं नव्हतं. भुशानं भिंत तडकत नाही एवढं तिला ठाऊक होतं. दुकान टाकल्यावर ते घर मीच सिमेंटनं गिलावा करून दिलं. मोठ्या तोऱ्यात. दोन पावसाळ्यांत लोणा.

गाइडकडून आणखी दोन गोष्टी कळल्या, ज्या मी घरी येईपर्यंत चघळत होतो. एक, १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं इटलीहून दुरुस्तीवाले बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा पक्का केला, पण रंग उजळ दिसावा म्हणून वरून लाखेचं वार्निश मारलं. ते पुढं पिवळं-काळं पडलं. माझ्या काउंटरवर रोज हाच संवाद होतो, "वरून काहीतरी चमकदार मारून द्या." दुसरी गोष्ट वेरूळची. २०१६ मध्ये पुरातत्त्व खात्यातल्या रसायनतज्ज्ञानं आणि इथल्याच विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं मिळून दाखवलं की वेरूळच्या गिलाव्याच्या मातीत भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेत. त्यामुळं किडीनं तिथला गिलावा अजिंठ्याइतका खाल्लेला नाही. ही बातमी मी दुकानात सांगितली तर दोन मिस्त्री लगेच म्हणाले, आम्ही करून देतो.

आणि दहाव्या लेणीत खांबावर 'जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९' असं कोरलेलं आहे म्हणे. शिकारीला आलेला इंग्रज अधिकारी, ज्याच्यामुळं लेणी पुन्हा जगाला कळली. लेक हसत सुटली. पैठणगेटच्या भिंतीवर बदामात नाव कोरणाऱ्या पोरांचा तिला तीन आठवडे राग येत होता. म्हणाली, यांची परंपरा फार जुनी निघाली. पुढं रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करातल्या चित्रकारानं अजिंठ्याच्या नकला वर्षानुवर्षं बसून रंगवल्या, त्यातल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनला आगीत गेल्या. मग मुंबईच्या जे. जे. कला शाळेतल्या ग्रिफिथ्स या शिक्षकानं तिथली पोरं आणून पुन्हा केल्या, त्यातल्याही बऱ्याच १८८५ च्या आगीत गेल्या. भिंत मात्र इथंच.

एवढं सगळं बघून, ऐकून, डोक्यात घेऊन मी पुढं काय केलं ते आता सांगायला लागतंय.

लेकीला भिंत मिळाली. गुलमंडीच्या मागच्या बोळात एका वाड्याची बाजू, बारा फूट बाय आठ. मालकीण आजी, वय ऐंशीच्या पुढं. त्यांची एकच अट होती, "देव काढू नको बाई. मग मला रोज उदबत्ती लावावी लागंल." लेकीनं बकरी काढायचं ठरवलं. त्या बोळात चहावाल्याची एक बकरी आहे, जी भिंतीवरची पोस्टरं सोलून खाते. खळीची चव लागलेली. निवडणुकीच्या वेळी तर तिचं वजन वाढतं.

मी भिंतीची परीक्षा घेतली. दोन बाय दोनचा प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावला आणि रात्रभर ठेवला. सकाळी आतून थेंब. म्हणजे ओल नक्की. खरं काम काय होतं तेही मला माहीत होतं. वरचं सिमेंट पाडायचं, वीट उघडी करायची, महिनाभर सुकू द्यायची, मग चुन्याचा गिलावा. पण लेकीला पंधरा मार्चच्या आत भिंत दाखवायची होती. आणि मी, जो अजिंठ्यात हात मागे बांधून हिंडलो, तो काय म्हणालो? "वॉटरप्रूफचा एक हात मारू, दोन वर्षं काही होत नाही." हे वाक्य मी सत्तावीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलोय. त्या दिवशी घरात सांगितलं.

चार दिवस काम चाललं. नीळ लावलेल्या दोरीनं फुटाफुटाच्या चौकटी पाडल्या. दोरीच्या टिचक्या मारायला उस्ताद स्वतः आले, पैसे घेतले नाहीत, खारीच्या केसांचा एक नवा ब्रश तेवढा घेतला. बकरीच्या तोंडातल्या पोस्टरवरची अक्षरं त्यांचीच. 'भव्य नागरी सत्का' एवढंच वाचता येतं, पुढचं बकरीनं खाल्लंय. खरी बकरी रोज येऊन बघायची आणि दुसऱ्या दिवशी तिनं ओल्या रंगाला तोंड लावलं, म्हणून एका खुराजवळ अजून डाग आहे. नळ तेव्हा आठ दिवसांनी यायचा, तर ब्रश धुवायला पाणी आजींनी पिण्याच्या हंड्यातून दिलं. हे मला नंतर कळलं.

परीक्षा झाली, मार्क चांगले पडले, बोळात लोक सेल्फी काढायला लागले.

जूनच्या शेवटी बकरीच्या पोटावर एक फुगा आला. जुलैत फुटला. आणि मग पांढरा लोणा, आधी पोटाला, मग मागच्या मांडीपर्यंत. बोळात बातमी पसरली की बकरीला खरूज झाली. कोणी करंजाचं तेल सुचवलं. चहावाला मला रोज हाक मारून विचारायचा, "काका, डॉक्टरला आणू का?" मी दुकानातून खरवडणी आणि प्राइमर घेऊन दोनदा गेलो, रातोरात दुरुस्त करून टाकावं म्हणून. दोन्ही वेळा आजी ढेलजेतून ओरडल्या, "ऱ्हाऊ दे. म्हातारी झाली ती. माझ्याबरोबर."

लेकीनंही हात लावू दिला नाही. ती दर आठ दिवसांनी त्याच जागी उभी राहून फोटो काढते. लातूरच्या पोराला पाठवते. दोघांचं काहीतरी चाललंय, ओलीच्या रेघांवर एकत्र प्रदर्शन करायचं. मला विचारतात ते फक्त क्षार कुठून येतात आणि किती दिवसांत वर चढतात. मी सांगतो. पैसे लावत नाही.

वाड्याच्या मागच्या अंगाला आणखी एक भिंत आहे, लहान, सहा बाय सहा. दिवाळीनंतर तिचं सिमेंट मी माझ्या हातानं पाडलं. वीट उघडी आहे, सुकतेय. दुकानाच्या मागे पिंपात कळीचा चुना विरवायला टाकलाय. गेल्या गुरुवारी छावणीच्या बाजारातून गव्हाच्या भुशाचं एक पोतं आणलं आणि जागा नाही म्हणून काउंटरशेजारीच टेकवून ठेवलं. दुपारी नेहमीचं गिऱ्हाईक आलं, शेडकार्ड उघडलं, पोत्याकडं बघितलं आणि म्हणालं,

"काय हो, म्हैस घेतली का?"